कडू कवठाचे तेल आणि एक वही



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, गोमंतकाचा इतिहास, नाट्यपरंपरा अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकानेही त्याच मळलेल्या वाटेने जावे, अशी संयोजकांची अपेक्षा असल्यास ती गैर म्हणता येणार नाही. तथापि आज मी वैद्यकाच्या अंगणात पाऊल टाकणार आहे. मी वैद्य नाही. जुनी हस्तलिखिते वाचणे हा माझा आयुष्यभराचा उद्योग, आणि या विषयाकडे मला ओढून आणले तेही एका हस्तलिखितानेच.

ते हस्तलिखित म्हणजे माझ्या मामांची एक वही. मामा पेडणे महालातील एका खाजगी मराठी शाळेत शिक्षक होते. अक्षर मोत्यासारखे. १९४९ साली त्यांच्या डाव्या दंडावर एक फिकट चट्टा दिसू लागला. त्या जागी टाचणी टोचली तरी कळत नसे. त्या दिवसापासून १९८९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, कोणत्या वैद्याने वा डॉक्टराने काय दिले, किती दिले, किती दिवस घ्यावयास सांगितले आणि काय परिणाम झाला, हे त्यांनी तारीखवार लिहून ठेवले. त्यांच्या निधनानंतर ही वही माझ्याकडे आली. काव्याच्या पोथीत जसे पाठभेद असतात, तसे या वहीत उपचारांचे पाठभेद आहेत. एकाच रोगाला, एकाच देहात, एकाच औषधाची प्रमाणे इतकी निरनिराळी की शुद्ध पाठ कोणता हे ठरविणे कोणाही संपादकाला अशक्य व्हावे. हे असे का झाले, याचा शोध घेता घेता मी दीडशे वर्षे मागे गेलो. त्या शोधाची हकिकत आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे, कारण गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. आपल्या भाषेत या व्याधीला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत, आणि शास्त्री मंडळी कुष्ठ म्हणत. परंतु सुश्रुतसंहितेतील कुष्ठ म्हणजे आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तेवढेच नव्हे. तेथे अठरा प्रकारची कुष्ठे सांगितली आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत गजकर्ण, खरूज अशा साध्या त्वचारोगांपासून बोटे झडविणाऱ्या दारुण व्याधीपर्यंत सारे काही येते. पांढऱ्या कोडाचा आणि कुष्ठरोगाचा अर्थाअर्थी काही संबंध नाही, पण लोकव्यवहारात कोड आलेल्या मुलीचीही सोयरीक मोडत असे. युरोपातही तेच. बायबलच्या भाषांतरांत ज्या त्वचाविकाराला कुष्ठ म्हटले गेले, तो आजचा कुष्ठरोगच होता असे अभ्यासक मानीत नाहीत. ज्या रोगाच्या नावाचीच हद्द ठरलेली नाही, त्याचे औषध लागू पडले की नाही हे ठरवावयाचे कसे? एखाद्याची खरूज बरी झाली आणि वैद्याने ‘कुष्ठ बरे केले’ असे म्हटले, तर तो खोटे बोलला असेही म्हणता येत नाही.

औषध मात्र फार जुन्या काळापासून हाताशी होते, ही या कथेतील आश्चर्याची गोष्ट. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या वृक्षाचा उल्लेख आहे. हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर होतो, त्याच्या बियांचे तेल काढून कुष्ठावर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. पश्चिम समुद्राचा किनारा म्हणजे आपलाच प्रदेश. कोकणात या झाडाला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात, आपल्याकडे त्याच्या तेलाला खष्टेल म्हणतात. माझ्या लहानपणी खरजेवर ते चोळीत. ओढ्याकाठी वाढणारे हे झाड आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, नाव ठाऊक नसेल एवढेच.

या झाडाशी एका थोर पुरुषाचे नाव जोडलेले आहे, आणि तेही पेडणे महालातलेच. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचा जन्म मांद्रे गावी १८२२ च्या सुमारास झाला. वडील मातीच्या बाहुल्या करून विकीत. मुलाची बुद्धिबळातील चमक एका इंग्रजाच्या नजरेस आली आणि त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे असा सल्ला त्याने वडिलांना दिला, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात येते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते. पुढे ते मुंबईचे शेरीफ दोनदा झाले. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या कालाची चर्चा केली. संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधे आधुनिक रीतीने पारखून पाहावीत, ही त्यांची धारणा होती. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचे नाव आहे.

कुष्ठरोगावर त्यांनी जे औषध वापरले, त्याने पुष्कळ रुग्णांना गुण येतो अशी ख्याती झाली होती. परंतु भाऊ दाजींनी ते औषध गुप्त ठेवले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या समव्यवसायींना त्यातील द्रव्य अधिकृतपणे कळले नाही. मागाहून समजले ते असे की ते औषध म्हणजे आपल्या कडू कवठाचेच तेल.

भाऊ दाजींविषयी मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच या गुप्ततेकडे पाहताना मन थोडे अवघडते. त्यांचा बचाव करावयाचा तर असे म्हणता येईल की त्या काळी औषध गुप्त ठेवणे हा वैद्याचा हक्कच मानला जाई, आणि एतद्देशीय डॉक्टराने उघड केलेले औषध गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावे खपावयास वेळ लागला नसता. दुसरे असे की परीक्षा पुरी झाल्याशिवाय जाहीर करू नये, असाही त्यांचा विचार असू शकेल. तरीही हिशेब शेवटी रुग्णाच्याच माथी येतो. औषध गुप्त असल्याने दुसऱ्या कोणी डॉक्टराने तेच तेल, तेवढ्याच मात्रेत, तशाच रुग्णांना देऊन पाहिले नाही. भाऊ दाजींना यश किती आले, अपयश किती आले, आणि मध्येच यावयाचे बंद झालेले रुग्ण कोठे गेले, हे कळण्याचा मार्ग त्यांच्याबरोबरच संपला.

योगायोग पाहा. त्याच १८७४ साली मुंबई सरकारच्या सेवेतील डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांचा कुष्ठरोगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे कार्टर म्हणजे ‘ग्रेज ॲनाटमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे गृहस्थ. १८६३ ते १८७२ ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. १८७३ साली ते नॉर्वेला गेले. त्याच वर्षी तेथील बर्गेन शहरी आर्मौर हॅन्सन यांनी कुष्ठरोग्यांच्या गाठींत दांड्यासारखे सूक्ष्म जंतू पाहिले होते. रोग आनुवंशिक आहे असे मानणारे कार्टर परत आले ते तो संसर्गजन्य आहे या मताचे होऊन. एकीकडे भाऊ दाजींचे तेल, दुसरीकडे कार्टरांची सूक्ष्मदर्शक दृष्टी, आणि दोघेही मुंबईच्या एकाच वैद्यकीय वर्तुळातले. या दोन गोष्टी एका टेबलावर आल्या असत्या तर? इतिहासाच्या अभ्यासकाने असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. मी तो विचारून पुढे जातो.

हॅन्सनविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण नियम नसले म्हणजे थोर माणूसही कोठवर जातो हे तीत दिसते. जंतू दिसला, पण त्यानेच रोग होतो हे सिद्ध होईना. तेव्हा १८७९ साली हॅन्सनने रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य टोचले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली त्याला रुग्णालयातील पद गमवावे लागले. त्याचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, परंतु त्या स्त्रीचा डोळाही विसरता येत नाही.

आता बंगालकडे वळू. तेथे डॉक्टर मौअट यांनी १८५४ साली चालमोगरा नावाच्या बियांचे तेल कुष्ठावर वापरून त्याची माहिती छापली. म्हणजे येथे गुप्तता नव्हती, सारे उघड होते. तरीही घोटाळा झाला. चालमोगऱ्याचे झाड कोणते, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांनी जे नाव दिले ते दुसऱ्याच झाडाचे निघाले! गायनोकार्डिया या झाडाच्या बिया म्हणजे चालमोगरा, असे जवळजवळ अर्धे शतक पुस्तकांतून छापले जात होते. अखेर १९०१ साली डेव्हिड प्रेन यांनी दाखवून दिले की बाजारात विकल्या जाणाऱ्या खऱ्या बिया ब्रह्मदेशाकडील निराळ्याच वृक्षाच्या आहेत, आणि तो वृक्ष आपल्या कडू कवठाचा सख्खा भाऊ आहे. पुढे फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ च्या सुमारास या तेलांतील विशिष्ट आम्ले वेगळी केली, तेव्हा असे आढळले की गायनोकार्डियाच्या तेलात ती आम्ले नाहीतच. या अवधीत एखाद्या डॉक्टराने पुस्तक प्रमाण मानून त्याच झाडाचे तेल दिले असेल, तर रुग्णाला काय मिळाले? मी भाषेचा माणूस. एका नावाच्या चुकीने एवढा अनर्थ होऊ शकतो, हे वाचून मला आमच्या व्युत्पत्तीच्या भांडणांची लाज वाटली. ती निदान कोणाच्या अंगावर उमटत नाहीत.

याच काळात आणखी कितीतरी उपाय पुढे आले आणि मागे पडले. बोपर्थ्वी नावाच्या फ्रेंच वैद्याने दक्षिण अमेरिकेत चट्ट्यांवर काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची पद्धत काढली. काजूच्या तेलाने कातडी कशी सोलून निघते हे आपणां गोमंतकीयांना सांगावयास नको. अंदमानात गर्जन वृक्षाचे तेल चोळीत. प्रत्येक उपायाचे पुरस्कर्ते सांगत की रुग्णांना गुण आला, आणि ते पुष्कळदा प्रामाणिकपणेच सांगत. कारण या रोगाचा एक सौम्य प्रकार असा आहे की त्यातील चट्टे काही न करताही कालांतराने मावळतात. दुसऱ्या, तीव्र प्रकारात मात्र जंतू शरीरभर पसरतात आणि रोग आपण होऊन हटत नाही. या दोहोंची वर्गवारी न करता दहा रुग्णांना तेल चोळले तर त्यांतील चारपाच सुधारलेले दिसणारच, आणि श्रेय तेलाला जाणार.

येथे मला मराठीतील तीन शब्दांकडे लक्ष वेधावयाचे आहे. आपण म्हणतो उतार पडला, गुण आला, बरा झाला. तिन्हींचा अर्थ एक नाही. उतार हा ज्वराचा असतो, तो पुन्हा चढूही शकतो. गुण हा औषधाचा असतो, तो वैद्य सांगतो. बरा होतो तो माणूस. एकोणिसाव्या शतकातील अहवाल आणि प्रशस्तिपत्रे वाचताना मला सतत जाणवले की त्यांत गुण आल्याचे उल्लेख विपुल आहेत, परंतु बरे होणे म्हणजे काय, ते कधी व कशावरून ठरवावयाचे, याची व्याख्या जवळजवळ कोठेच नाही.

१८९७ साली बर्लिन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली. तिने औषधाचे प्रमाण ठरविले नाही, तिने रुग्णांना वेगळे ठेवण्याचा पुरस्कार केला. त्याआधी १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेलेल्या चौकशी मंडळाने संसर्गाचा धोका अल्प असल्याचे आणि सक्तीच्या विलगीकरणाची गरज नसल्याचे मत दिले होते. तरीही १८९८ साली हिंदुस्थान सरकारने महारोग्यांसंबंधी कायदा केलाच. तो रद्द व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले. औषधाविषयी एकमत नव्हते तेव्हा भिंतीविषयी मात्र एकमत झाले, आणि भिंत औषधापेक्षा अधिक टिकली.

विसाव्या शतकाच्या आरंभी चालमोगऱ्याच्या आणि कडू कवठाच्या तेलाला पुन्हा भरभराट आली. पोटात घेतले तर उलट्या होत, टोचले तर जागा सुजून गळू होई. हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९१५-१६ मध्ये तेलापासून टोचण्याजोगे पातळ रूप तयार केले. १९१६ च्या अखेरच्या दिवशी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती वारली आणि तिच्या कामाचे श्रेय तिच्या वरिष्ठाने घेतले. कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स आणि नंतर अर्नेस्ट म्यूर यांनी आपापल्या पद्धती बसविल्या. आपल्या गोव्यात डॉक्टर फ्रोइलानो द मेलो यांच्या पुढाकाराने सासष्टीतील माकाझन येथे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी मात्रा निराळी, मिश्रण निराळे, टोचण्याची जागा निराळी.

तेल अगदीच निरुपयोगी होते असेही नाही, बरे का. १९७५ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्यातील आम्लांचा कुष्ठजंतूंवर परिणाम होतो असे दिसून आले. म्हणजे सुश्रुताची आणि भाऊ दाजींची नजर चुकली नव्हती. परंतु हे कळले तेव्हा जग त्या तेलाला विसरून गेले होते.

आता मी वहीकडे परत येतो.

पहिल्या पानावर खष्टेल आहे. एका वैद्याने पाच थेंबांपासून आरंभ करून रोज एकेक वाढवीत जावे असे सांगितले. मामांनी एकवीस थेंबांपर्यंत मजल मारली आणि नंतर लिहिले आहे, ‘अन्न पोटात ठरत नाही.’ १९५१ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी तेच तेल चट्ट्याभोवती कातडीत टोचले. एका बैठकीत किती टोचण्या, तो आकडा मामांनी लिहिला आहे, तो मी येथे वाचत नाही.

१९५३ पासून गोळ्या सुरू होतात. या गोळ्यांचीही एक पूर्वकथा आहे. डॅप्सोन हे द्रव्य जर्मनीत १९०८ सालीच तयार झाले होते, पण त्याचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे गाय फॅजेट यांनी त्याच कुळातील प्रोमीन हे औषध कुष्ठरुग्णांना टोचून पाहिले आणि प्रथमच निर्विवाद सुधारणा दिसली. त्यानंतर काही वर्षांतच रॉबर्ट कॉक्रेन यांनी मद्रासेकडील चिंगलपेट येथे डॅप्सोन वापरले. स्वस्त, पोटात घेता येणारी गोळी हाती आली. आता प्रश्न सुटला, असे कोणालाही वाटले असते.

मामा सावंतवाडीहून गोळ्या आणवीत. पहिल्या डॉक्टरांनी रोज एक सांगितली. १९५४ मध्ये दुसऱ्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धी सांगितली. १९५५ च्या ऑगस्टातील सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली आणि वहीत पाच महिने नुसती कोरी जागा आहे. फक्त तारखा घातल्या आहेत, पुढे काही नाही. १९५६ मध्ये अंगावर लाल गाठी उठल्या, ताप भरला, सांधे धरले. औषधाने मेलेल्या जंतूंवर शरीर उसळून उठते, तेव्हा असे घडते, हे आज माहीत आहे. तेव्हा एका डॉक्टरांनी लिहून दिले, ‘गोळ्या पूर्ण बंद.’ चार महिन्यांनी दुसऱ्यांनी लिहून दिले, ‘गोळ्या कोणत्याही कारणास्तव बंद करू नयेत.’ दोन्ही चिठ्ठ्या मामांनी समोरासमोरच्या पानांवर खळीने चिकटविल्या आहेत. त्यांखाली त्यांनी स्वतः एक अक्षरही लिहिलेले नाही.

त्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांपैकी कोणी निष्काळजी होते असे मला वाटत नाही. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने निर्णय घेतला, आणि एका डॉक्टराच्या अनुभवात असे रुग्ण किती येणार? पाच, दहा. या गाठी आणि ताप हा औषधाचा दोष की रोगाचा, यावर मोठमोठ्या तज्ज्ञांतही तेव्हा वाद होता. त्या भीतीनेच पुढे डॅप्सोनची मात्रा जगभर कमी कमी करण्यात आली. वहीत १९७१ साली गोळीचा चतुर्थांश दिसतो. मामा अडकित्त्याने गोळीचे चार भाग करीत, ते मी पाहिले आहे. त्या अल्प मात्रेत जंतू मरत नसत, ते औषधाला सरावत. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असतात हे १९६४ साली मलायातील सुंगई बुलोह येथे सिद्ध झाले होते, पण ती बातमी गावोगाव पोहोचावयास फार वर्षे लागली. १९७८ मध्ये पुन्हा पूर्ण गोळी, आणि तीही ‘आयुष्यभर’.

या मधल्या काळात मामांची नोकरी गेली होती. कशी गेली हे मी सांगणार नाही. ते ओसरीच्या पडवीत राहत. त्यांचा कप वेगळा असे आणि तो तेच विसळीत. आई त्यांना ‘दादा, आत ये रे’ म्हणे आणि ते उंबऱ्याबाहेरून हसत. माकाझनला जाण्याचे सुचविले गेले, पण घर सोडण्याची त्यांची तयारी नव्हती. ज्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी दर परीक्षेनंतर मराठीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आमच्या पडवीत येत आणि मामांकडून तपासून घेत. तपासणीचे पैसे पाकिटात घालून देत. आपल्यापैकी ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील तांबड्या शाईच्या काही खुणा मामांच्या हातच्या असतील. ही गोष्ट गुरुजींनी कोणालाही सांगितली नव्हती. मीही आज प्रथमच सांगत आहे.

देशात या काळात काम थांबलेले नव्हते. वर्ध्यास १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉक्टर वारदेकरांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची एकत्र पद्धत बसविली. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा पाहू, असे न म्हणता दवाखान्याने रुग्णापर्यंत जावे, आणि कोणी औषध सोडले त्याचीही नोंद ठेवावी, हा तिचा गाभा. भाऊ दाजींच्या यशाचा हिशेब ज्या नोंदीअभावी अधुरा राहिला, तीच ही नोंद. मुंबईत डॉक्टर वसंत रामजी खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांतील आणि मज्जातंतूंतील बदलांचा सूक्ष्म अभ्यास केला. हे खानोलकर म्हणजे टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक. घट्ट नेसलेल्या धोतराने कमरेच्या कातडीवर वर्षानुवर्षे घर्षण होऊन उद्भवणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केले. असा रुग्ण एखाद्या शल्यवैद्याला जन्मात एकदोनदाच भेटावयाचा. खानोलकरांनी विखुरलेले रुग्ण एकत्र मांडले म्हणूनच तो निराळा रोग म्हणून ओळखू आला. दुर्मिळ रोगांच्या बाबतीत डॉक्टरांना आजही याच रीतीने, एकेका रुग्णाची टिपणे जोडून, वाट काढावी लागते.

१९८१ च्या ऑक्टोबरात जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यासगट बसला आणि पुढल्या वर्षी त्याचा अहवाल निघाला. रुग्णांचे दोन वर्ग करा, अल्पजंतू आणि बहुजंतू. पहिल्यास दोन औषधे सहा महिने, दुसऱ्यास तीन औषधे निदान दोन वर्षे. डॅप्सोन रोज शंभर मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदा सहाशे मिलिग्रॅम आणि तेही कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत, शिवाय बहुजंतूंना क्लोफाझिमीन. सारे आकडे एका पानात मावतात. वर्धा जिल्हा या पद्धतीचा देशातील आरंभीचा जिल्हा ठरला. पुढे बहुजंतू रुग्णांचा काल दोन वर्षे आणि नंतर एक वर्ष असा ठरविण्यात आला. २०१८ च्या मार्गदर्शनात दोन्ही वर्गांना तीन औषधे देण्याची शिफारस झाली. म्हणजे तो पाठही अंतिम नव्हता. परंतु बदलला तो सर्वांसाठी एकदम, आणि का बदलला हे लिहून.

वहीत १९८७ पासून हा नवा काळ येतो. अक्षर आता वाकडे झाले आहे, कारण बोटे आखडली होती आणि टाक मनगटाला बांधून ते लिहीत. पहिल्या दिवशीची नोंद आहे, ‘लघवी तांबडी झाली. बाई म्हणाल्या, भिऊ नका.’ या बाई म्हणजे औषध देणाऱ्या परिचारिका. काही महिन्यांनी लिहिले आहे, ‘अंग काळवंडले. लोक ओळखतील.’ क्लोफाझिमीनने कातडी काळी पडते. अनेक रुग्ण त्या कारणाने औषध सोडीत. मामांनी सोडले नाही. दर महिन्याला एक, अशा चोवीस खुणा त्यांनी समासात केल्या आहेत. चाळीस वर्षांत प्रथमच दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती.

१९८९ मध्ये कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्यात जंतू आढळला नाही. नोंदवहीतून मामांचे नाव कमी करण्यात आले. प्रमाणाप्रमाणे ते रोगमुक्त झाले, आणि ते खरेही होते. परंतु आखडलेली बोटे तशीच राहिली. तळपायाची जखम भरे आणि पुन्हा फुटे, कारण तेथे वेदना उरली नव्हती. त्या जखमेसाठी कोणाकडे जावयाचे याविषयी त्या एका पानात काही लिहिलेले नव्हते. देशाच्या बाबतीतही असेच काहीसे झाले. दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले म्हणून २००५ च्या अखेरीस भारतात कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. आजही जगात नव्याने सापडणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच सापडतात. बरे होणे म्हणजे काय, याची व्याख्या आली, हे फार मोठे काम झाले. त्या व्याख्येत माणसाचे किती अंग बसते, हे मात्र अद्याप ठरावयाचे आहे.

शेवटच्या नोंदीत मामांनी ‘गुण आला’ असे लिहिलेले नाही आणि ‘बरा झालो’ असेही लिहिलेले नाही. लिहिले आहे, ‘औषध बंद.’ तारीख आहे. त्यानंतरची नऊ पाने त्यांनी परसातील सुपारीच्या हिशेबासाठी वापरली.

ही वही मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. ती शाळेच्या ग्रंथालयात राहावी आणि वैद्यकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पाहावयास मिळावी, अशी विनंती आहे. १९५६ ची पाने जपून उलटावीत. चिठ्ठ्यांची खळ सुटली आहे.